पुरिसदम्मसारथि : घोड्याच्या सहवासातील नेतृत्वाचे शिक्षण

आपल्या शाळेच्या परिपाठात बुद्धवंदना होते, तेव्हा तथागतांच्या नऊ गुणांचा उच्चार होतो. वसतिगृहात पाच-सात वर्षे काढलेल्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला ते गुण आजही क्रमाने म्हणता येतील. त्यांपैकी एक गुण ‘पुरिसदम्मसारथि’ असा आहे. वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, हा त्याचा सरळ अर्थ. ‘विज्जाचरणसंपन्नो’ किंवा ‘लोकविदू’ समजावून सांगताना शिक्षकाचे फारसे अडत नाही. या शब्दापाशी मात्र चौकस विद्यार्थी थांबतो. ज्यांनी राजवैभव सोडले आणि पुढे ४५ वर्षे गावोगाव पायी फिरून धम्म सांगितला, त्यांना रथ हाकणाऱ्याची उपमा का दिली गेली? माणूस म्हणजे काय घोडा आहे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळवावयाचे तर घोडा आणि त्याला शिकवणारा माणूस यांच्यातील व्यवहार प्रथम नीट पाहावा लागतो. हाच व्यवहार आज व्यवस्थापनाच्या जगात नव्या नावाने पुढे आला आहे. अमेरिकेत व युरोपात गेली पंचवीस-तीस वर्षे ‘अश्वसाहाय्यित शिक्षण’ या नावाने वर्ग चालतात. कंपन्यांचे अधिकारी, शिक्षक, सैन्यातून निवृत्त झालेले जवान, बिथरलेली किंवा अबोल झालेली मुले असे नाना प्रकारचे लोक तेथे येतात. १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेच्या पद्धतीत तर घोड्यावर बसावयाचेच नसते. सारे काम जमिनीवर उभे राहून करावयाचे. आपल्या देशातील मोठ्या शहरांतही असे वर्ग आता भरू लागले आहेत. नोकरीत वरच्या पदांवर पोहोचलेले आमचे काही माजी विद्यार्थी विचारतात की, सर, हा श्रीमंतांचा खेळ आहे की यात काही तथ्य आहे? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

वर्गाचे स्वरूप साधे असते. कुंपण घातलेले रिंगण, त्यात एक घोडा. त्याच्या डोक्याला दोरीची म्होरकी. तोंडात लोखंडी लगाम नाही, पाठीवर खोगीर नाही. शिकणाऱ्याला सांगतात की, दोरी न ओढता या घोड्याला त्या चार खांबांमधून फिरवून आणा. कधी दोरीही काढून घेतात. कधी चार-पाच जणांच्या गटाला एकमेकांशी न बोलता हेच काम करावयास लावतात. एक जाणकार घोड्याकडे लक्ष ठेवतो, दुसरा माणसांकडे. काम आटोपले की चर्चा होते. घोडा कोठे थांबला, त्या क्षणी तुम्ही काय करीत होता, गटातील कोणाचे हात काय सांगत होते, एवढेच विचारले जाते. नवखा माणूस बहुधा पुढे होऊन दोरी ओढतो आणि घोडा जागचा हलत नाही. चारशे-पाचशे किलो वजनाच्या प्राण्याला ओढून नेणे कोणालाच शक्य नसते. घोडे कोठे पेंड खाते, हे तेथे शब्दशः कळते.

असे का होते, हे समजण्यासाठी घोड्याचा स्वभाव ध्यानात घ्यावयास हवा. घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे, शिकार होणारा प्राणी आहे. लाखो वर्षे मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपाने राहून, धोका दिसताच पळून तो टिकला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणूनच जुने मोतद्दार घोड्याच्या मागून कधी जात नाहीत. खांद्याच्या बाजूने, तोंडाने काहीतरी बोलत जातात. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. एक कान तुमच्याकडे आणि एक रस्त्याकडे असेल, तर त्याचे लक्षही तसेच वाटलेले असते. कळपातील एकाने मान उंचावली, अंग ताठ केले की साऱ्या कळपाला खबर मिळते. ज्या प्राण्याचे जगणे शेजाऱ्याच्या शरीरावरून वर्तमान जाणण्यावर अवलंबून होते, तो माणसाचेही शरीरच वाचतो. तुमचा हुद्दा, आडनाव, गळ्यातील ओळखपत्र यांची त्याला गरज नसते. तुमचा श्वास, खांदे, पावलांची गती आणि नजर कोठे आहे, यांवरून तो ठरवतो की या माणसाबरोबर चालणे सुरक्षित आहे किंवा नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी माणसाच्या रागीट चेहऱ्याचे छायाचित्र दाखवले असता घोड्यांच्या हृदयाचे ठोके वेगाने वाढतात. नुसत्या छायाचित्राचा हा परिणाम.

या संदर्भात बर्लिनच्या एका शिक्षकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे हे गृहस्थ गणिताचे निवृत्त शिक्षक. आपला घोडा हान्स बेरीज-वजाबाकी करतो, अपूर्णांक सोडवतो, तारीख सांगतो, असे ते म्हणत आणि लोकांसमोर करूनही दाखवीत. उत्तर जितके असेल तितक्या वेळा हान्स खूर आपटून थांबे. १९०४ मध्ये कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांनी तपासणी केली. कोठेही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकत असे. विचारणारा त्याला दिसत नसेल, तरीही चुकत असे. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुके. खुराचे ठोके बरोबर आकड्यापाशी आले की त्याचे डोके अगदी सूक्ष्म वर जाई. हान्स तेवढे पाहून थांबत असे. फुंग्स्ट यांना हे रहस्य कळल्यानंतरही स्वतःची ती हालचाल पूर्णपणे आवरता आली नाही.

लोक ही गोष्ट ‘घोड्याला गणित येत नव्हते’ एवढ्यासाठी सांगतात. आम्हाला तिचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. जगातील भल्याभल्या तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटले, ते त्या घोड्याने रोज वाचले. आणि वर्गात आमच्यासमोर बसलेली मुले तरी काय करतात? फळ्यावर उत्तरासाठी उभी राहिलेली मुलगी खडूकडे कमी आणि शिक्षकाच्या भुवईकडे जास्त पाहते, हे कोणत्याही शिक्षकाने प्रामाणिकपणे आठवावे. आपण ‘चुकले तरी चालेल, बोल’ असे म्हणतो आणि त्याच वेळी घड्याळाकडे पाहतो. मुले घड्याळाकडे गेलेल्या नजरेवर विश्वास ठेवतात. संवादकौशल्य म्हणजे सभेत टाळ्या घेणारे भाषण, अशी आपल्या समाजात एक दृढ समजूत आहे. चळवळीने वक्तृत्वाला मोठा मान दिला आणि तो योग्यच होता. परंतु शब्द आणि शरीर यांची फारकत झाली की ऐकणारा शरीराचे ऐकतो. घोड्याच्या रिंगणात हे लपवता येत नाही, इतकेच.

घोडा शिकतो कसा, याचेही एक शास्त्र आहे. हल्लीचे प्रशिक्षक त्याला दाब आणि सुटका म्हणतात. घोड्याने मागे सरकावे असे वाटत असेल तर छातीवर बोटांनी हलका दाब द्यावयाचा. त्याने नुसता भार मागे घेतला, अर्धे पाऊल टाकले की तत्क्षणी बोटे काढून घ्यावयाची. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, दाब निघून गेल्यामुळे. त्याला कळते की आपण योग्य केले. ज्याला दाब देता येतो पण वेळेवर काढून घेता येत नाही, त्याच्या हातून घोडा बधिर होतो. पुढे टाच मारा, चाबूक मारा, तो ढिम्म राहतो. ‘कितीही सांगा, ऐकतच नाही’ असा कर्मचारी, विद्यार्थी किंवा मुलगा आपल्याला माहीत असतो. त्याला आजवर कितीदा सांगितले याचा हिशेब सगळ्यांकडे असतो. त्याने अर्धे पाऊल टाकले तेव्हा सांगणारा थांबला होता काय, याचा नसतो. ग्रीसमधील झेनोफॉन या सॉक्रेटिसच्या शिष्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये, कारण रागाला पुढचे दिसत नाही, हा त्यातील एक मुख्य उपदेश आहे. जबरदस्तीने करून घेतलेले काम घोडा न समजता करतो, हेही त्याने नोंदवले. सेनापती राहिलेल्या माणसाचे हे मत आहे, हे विशेष.

येथपर्यंतचा भाग कोणत्याही प्रशिक्षण वर्गात कळू शकेल. पण आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. घोडा दिसला की लगाम कोणाच्या हाती होता आणि पाठीवर कोण होता, हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे दहन झाले, तिच्या दहाव्या अध्यायात संकर जातींना कामे वाटून दिली आहेत. घोड्यांची निगा आणि सारथ्य हे काम सूतांना दिले आहे. म्हणजे घोड्याला खरोखर ओळखणारा माणूस उतरंडीत खाली, आणि त्याने तयार केलेल्या रथात उभा राहणारा वर. महाभारतातील कर्णाला ‘सूतपुत्र’ ही शिवी म्हणून ऐकावी लागली. एखादी विद्या हीन ठरवावयाची आणि तिचे फळ मात्र घ्यावयाचे, ही रीत आपल्याला चर्मकाम, सफाई, सुईणपण अशा कितीतरी क्षेत्रांत दिसते; घोड्याची विद्या त्याला अपवाद नव्हती.

शिवकालातील व्यवस्था याहून निराळी दिसते. सभासदाच्या बखरीप्रमाणे २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी पागेची रचना होती, आणि प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांना लष्कराच्या रचनेतच जागा होती. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी बसेल, असे ते बजावतात. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, असेही सांगतात. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांचे लक्ष पोहोचलेले आहे. लढाईतल्या पराक्रमाबद्दल त्या पत्रात फारसे नाही. नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने ते एकदा संपूर्ण वाचावे.

आता आपल्याकडे वळू. ‘गावकुसाबाहेर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या एका लेखात बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या निर्बंधांची यादी दिली आहे. हा लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रकाशित केलेल्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. चांगले कपडे, कौलारू घर, सोन्याचे दागिने यांबरोबरच गावातून घोड्यावर किंवा पालखीत बसून जाणे हाही त्या यादीत गुन्हा आहे. आपल्या लोकांची मिरवणूक गावातून काढणे हाही गुन्हा, आणि सुसंस्कृत भाषेत बोलणे हाही गुन्हा. ही तीन कलमे आम्ही मुद्दाम एकत्र वाचतो. उंचावरून दिसणे, एकत्र चालणे आणि नीट बोलणे. नेतृत्व आणि संवाद या विषयांवरील जाड पुस्तकांत जे सांगितलेले असते, त्याचा गाभा इतकाच आहे, आणि गावगाड्याने नेमके तेच हेरून बंद केले होते. ज्यांनी बंदी घातली त्यांना नेतृत्व म्हणजे काय, हे चांगले कळत होते असे म्हणावे लागेल.

बंदीची झळ स्वतः बाबासाहेबांनाही बसली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी १९२९ मधील चाळीसगावची हकीकत सांगितली आहे. सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. स्टेशनवरून त्यांना महारवाड्यात न्यावयाचे होते. टांगेवाले टांगा भाड्याने द्यावयास तयार होते, पण अस्पृश्य पाहुण्यासाठी हाकावयास तयार नव्हते. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना मानवले नाही. शेवटी वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. हलके काम करणारा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरहून श्रेष्ठ समजतो, याची व्यथा त्यांनी तेथे नोंदवली आहे. दोष त्या लगाम धरणाऱ्या बंधूचा नव्हे. त्याने प्रेमापोटी धाडस केले. दोष त्या व्यवस्थेचा, जिने एका माणसाला मानापासून आणि दुसऱ्याला विद्येपासून तोडले होते. मान आणि विद्या यांची ही ताटातूट आम्हाला त्या मोडलेल्या टांग्यात स्पष्ट दिसते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा बाळगणाऱ्या एका दलित तरुणाची हत्या झाली. घोड्यावर बसतो म्हणून त्याला मारले, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली होती. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून घोडीवरच्या नवरदेवाला अडवल्याच्या, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागल्याच्या बातम्या दर लग्नसराईत येतात. त्या घोडीवर बसण्याचा हक्क संविधानाने दिला आहे आणि तो बजावलाच पाहिजे. मात्र वरातीत एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी असते. नवरदेव घोडीवर असतो, पण घोडी घोडीवाल्याच्या हाती असते. तिला बँडचा आवाज सोसेल की नाही, फटाका वाजला तर ती कोणत्या अंगाला उसळेल, हे त्यालाच ठाऊक असते. आपल्याला घोडीवरची जागा तर हवीच, शिवाय ही विद्याही हवी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव याच दिशेने बोलतो. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या घोड्यांची सारी देखभाल गुलामांकडे होती; त्यामुळे घोड्याचे सर्वांत सखोल ज्ञान त्यांच्याकडेच होते. १८७५ मध्ये पहिली केंटकी डर्बी शर्यत झाली, तेव्हा १५ स्वारांपैकी १३ कृष्णवर्णीय होते. विजेता ऑलिव्हर लुईस कृष्णवर्णीय आणि घोडा तयार करणारा अॅन्सेल विल्यमसन हा पूर्वीचा गुलाम. पहिल्या २८ शर्यतींपैकी १५ कृष्णवर्णीय स्वारांनी जिंकल्या. आयझॅक मर्फी याने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन. पुढे या धंद्यात पैसा आणि प्रतिष्ठा वाढली, वंशभेदाचे कायदे कडक झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना शर्यतीच्या मैदानातून पद्धतशीरपणे बाहेर काढण्यात आले. १९०१ आणि १९०२ मध्ये जिंकलेला जिमी विंकफिल्ड पुढे रशियात जाऊन शर्यती खेळला. विद्या हीन होती तोवर ती त्यांची होती. तिला मान मिळताच ती त्यांची राहिली नाही.

याच काळात टेनेसी राज्यात विल्यम की नावाचा एक गृहस्थ होता. १८३३ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, स्वतःच्या मेहनतीने पशुवैद्य झालेला. जन्मतः आजारी असलेले एक शिंगरू त्याने जगवले, चाबकाला हात न लावता शिकवले, आणि १८९७ पासून जवळजवळ दहा वर्षे देशभर त्याचे खेळ केले. ‘ब्यूटिफुल जिम की’ हा त्याचा घोडा अक्षरे ओळखतो, आकडे मोजतो, असे जाहीर केले जाई. तिकडे बर्लिनमध्ये हान्सची तपासणी चालू होती, त्याच १९०४ या वर्षी सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात जिमला पाहावयास गर्दी लोटत होती. जिमही बहुधा हान्ससारखाच मालकाच्या सूक्ष्म खुणा वाचत असावा. पण हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर एका माजी गुलामाने सिद्ध केले ते वेगळेच होते. मार न देता शिकवता येते, हे ज्याच्या समाजाने चाबूक सोसला होता तो माणूस दाखवीत होता. त्याच्या खेळांना आलेल्या मुलांकडून प्राण्यांशी दयेने वागण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली जात असे.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की तथ्य आहे, पण सगळ्याच जाहिरातींवर विसंबू नये. दोन दिवसांच्या शिबिराने कोणी नेता होत नाही. घोड्याला रोज खरारा करावा लागतो, लीद काढावी लागते, चंदी-पाणी वेळेवर द्यावे लागते, खूर तपासावे लागतात. शिक्षणाचा मोठा भाग त्या कामात आहे आणि नेमका तोच भाग महागड्या वर्गांत नोकरांवर सोपवलेला असतो. ज्या मुलांना आवड असेल त्यांनी पुढे महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या रिमाउंट आणि व्हेटर्नरी पथकाची चौकशी करावी. तेथे घोडेस्वारी आणि घोड्यांची निगा दोन्ही शिकवतात. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा पारखणारा अडाणी म्हातारा पाच मिनिटांत जनावराचे वय, चाल आणि भीती ओळखतो. त्याच्या शेजारी तासभर उभे राहणे हेही शिक्षण आहे. आपल्या पालकांत लग्नाची घोडी बाळगणारे, बैल हाकणारे, मेंढरे राखणारे आहेत. त्यांच्या मुलांना ही विद्या घरातच मिळालेली असते आणि शाळेत ती सांगावयास ती लाजतात. ही लाज घालवणे हे शाळेचे काम आहे.

आता त्या मूळ शब्दाकडे, ‘सारथी’कडे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात केसी नावाच्या अश्वदमकाचे सुत्त आहे. घोड्यांना शिकवणे हा केसीचा व्यवसाय. भगवान बुद्ध त्याला विचारतात की, तू घोड्याला कसे शिकवतोस? तो सांगतो की, काहींना मृदू उपायाने, काहींना कठोर उपायाने, काहींना दोन्हींनी. आणि कशानेच शिकला नाही तर? तर त्याला मारून टाकतो, नाहीतर आमच्या गुरुकुलाची अपकीर्ती होईल, असे केसी सांगतो. मग तो उलट विचारतो की, भगवान माणसांना कसे शिकवतात? तथागत तेच उत्तर देतात. काहींना मृदू, म्हणजे सदाचाराचे फळ सांगून, काहींना कठोर, म्हणजे दुराचाराचे फळ दाखवून, काहींना दोन्हींनी. आणि जो कशानेच वळत नाही त्याला मीही मारतो. केसी दचकतो. हिंसा तर तथागतांना वर्ज्य! तेव्हा ते स्पष्ट करतात की, अशा माणसाला तथागत बोलण्याजोगा, उपदेश करण्याजोगा मानत नाहीत, त्याचे सहाध्यायीही मानत नाहीत; आणि आर्यविनयात मारणे म्हणतात ते यालाच. केसीला ते पटते आणि तो उपासक होतो.

हे सुत्त आम्ही अनेकदा शिकवले आहे आणि त्यातील शेवटचा भाग दर वेळी अंगावर येतो. ‘याला सांगून काही उपयोग नाही’ हे वाक्य आपण घरात, कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत किती सहज उच्चारतो! तथागत त्याला मारणे म्हणतात. आणि तो उपाय त्यांनी किती जपून वापरला, हे छन्नाच्या कथेवरून कळते. सिद्धार्थाच्या कंथक घोड्याबरोबर ज्याचे नाव येते, तोच हा छन्न सारथी, असे परंपरा मानते. भिक्खू झाल्यावर तो उद्धट झाला, कोणाचे ऐकेना. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी त्याला ब्रह्मदंड द्यावयास सांगितले, म्हणजे संघातील कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याला काही सांगू नये. आनंदाने ही शिक्षा ऐकवली तेव्हा छन्न मूर्च्छित झाला. मग तो एकांतात गेला, झटला आणि अर्हत झाला. त्याबरोबर दंडही संपला. दाब होता आणि योग्य क्षणी सुटकाही होती. ज्याला संघाने बोलण्याजोगे मानणे थांबवले होते, त्याच्यासाठी परतण्याची वाट मोकळी ठेवलेली होती.

निवासी शाळेत दर वर्षी दोन-चार मुले अशी येतात. पळून जाणारी, हात उगारणारी, किंवा महिनोन्महिने एक शब्द न बोलणारी. त्यांची नावे शिक्षकांच्या बैठकीत निघतात आणि कोणीतरी ते ठरलेले वाक्य बोलतो. अशा वेळी त्या मुलाशी शेवटचे कोण, केव्हा आणि कोणत्या कारणाने बोलले, रागावण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी बोलले होते काय, आणि त्याने अर्धे पाऊल टाकले तेव्हा ते कोणी पाहिले, हे विचारून नोंदवहीत लिहून घेण्याची पद्धत आम्ही गेली काही वर्षे ठेवली आहे. त्यामुळे बैठका लांबतात, आणि वसतिगृहाच्या जेवणाची घंटा अनेकदा बैठक चालू असतानाच होते.